डोहात भिजवलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनं सायकलचं चाक आहे. मागचं चाक. माझी कड एका जागी उसवली आहे, निम्म्या तारा गळून गेल्या आहेत आणि टायरचं तर नावच काढू नका. आता मला कुठल्याही सायकलला कोणी लावणार नाही, हे मला कळतं. पण एके काळी पुण्यापासून भोरपर्यंत माझ्याइतकं हलकं चाक शोधून सापडलं नसतं. एका बोटावर मला उचलता येई. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनं सांगतो. एवढं तरी माझ्याकडे राहू द्या, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मिरवण्यासारखं काहीच नाही.

माझा जन्म दूरच्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. इतर सायकलींच्या चाकांची कड लोखंडाची असते, माझी लाकडाची आहे. तिथल्या कारागिरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, वाफेवर मऊ केल्या, गोल वाकवल्या आणि एकीवर एक ठेवून सरसानं चिकटवल्या. मग वरून रोगणाचा हात इतका सफाईनं फिरवला, की जोड कुठं आहे ते शोधूनही दिसू नये. पाहणाऱ्याला वाटावं, हे एकाच लाकडाचं कडं आहे. त्या सफाईचा मला फार अभिमान होता. पुढं तीच माझ्या मुळावर आली.

बोटीतून मी मुंबईला उतरलो आणि आगगाडीनं पुण्याला आलो. ते साल चौतीस होतं. कॅम्पातल्या एका पारशी तरुणानं आमची सायकल घेतली. त्याला शर्यतींचं वेड होतं. रोज पहाटे तो आम्हाला कात्रजच्या घाटात नेई. चढाला लागला की मित्रांना ओरडून सांगे, की ही चाकं लावल्यापासून पाठीमागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं. मला ते ऐकायला फार आवडे. उताराला मात्र तो गप्प होई. लाकडी कडेवर ब्रेक नीट धरत नसे, आणि पावसाची सर आली तर मुळीच धरत नसे. आडवा वारा सुटला की पुढचं चाक थरथरे आणि तो शिव्या देत हँडल घट्ट आवळून धरी. तरी त्यानं आम्हाला सोडलं नाही. दोन शर्यती आम्ही जिंकून दिल्या. पुढं लढाई सुरू झाली, तो विमानदलात गेला आणि आम्ही विकले गेलो.

घेणारे होते भोरच्या कचेरीतले कारकून आनंदराव. माणूस सज्जन, पण अंगानं भरलेला. त्यांना वाटलं होतं, हलकी सायकल घेतली की आपणही हलके होऊ. पहिल्या आठवड्यातच त्यांचा हिरमोड झाला. माझा टायर साधा नव्हता. ती एक पातळ कापडी नळी होती, आत ट्यूब ठेवून शिवून टाकलेली आणि माझ्या कडेवर लाखेनं चिकटवलेली. बाभळीचा एक काटा तिला पुरे होई. काटा लागला, की शिवण उसवायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा दाभणानं शिवायचं. टायर शिवावा लागतो हे ऐकून आनंदरावांनी कपाळाला हात लावला. दर आठवड्याला ते मला घेऊन बाजारातल्या ज्ञानूच्या दुकानात येत आणि बाकावर बसून कुरकुरत, की ही सायकल आहे की शिंप्याचं दुकान. शेवटी त्यांनी ज्ञानूकडून एक दणकट काळी सायकल घेतली आणि बदल्यात आम्हाला त्याच्या स्वाधीन करून सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला असता, पण माझ्यातला श्वास तेव्हा पंक्चर होता.

अशा रीतीनं मी ज्ञानूचा झालो. मित्रांनो, इथून पुढं माझी गोष्ट ही त्याचीच गोष्ट आहे.

ज्ञानू भोरजवळच्या उत्रोलीचा. त्याचे वडील गेनबा सुतार, सगळा गाव त्यांना आबा म्हणे. आबांनी केलेलं बैलगाडीचं चाक पार हिर्डोशीच्या खोऱ्यापर्यंत ओळखलं जाई. आपल्यामागं ज्ञानूनं तासणी हातात धरावी, अशी त्यांची फार इच्छा होती. ज्ञानूनं हातात घेतला तो पाना. भोरच्या बाजारात त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बापलेकात भांडण असं झालं नाही, पण त्या दिवसापासून दोघांमध्ये चाकांविषयी बोलणं बंद झालं. दोघंही चाकांचे कारागीर आणि जेवताना बोलत ते भाताविषयी नाही तर पावसाविषयी.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबांनी दोन बोटांनी एक तार छेडली आणि काड्यांचं चाक म्हणून तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला. त्यांच्या गाडीचं चाक चार माणसांनी उचलावं असं, आणि नाव मला ठेवतात.

ज्ञानू मात्र मला तळहातावरच्या फोडासारखा जपे. त्याला माझं मर्म ठाऊक होतं. माझा जोड सरसाचा आहे आणि सरसाचं पाण्याशी वैर आहे, हे त्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं. दर रविवारी तो आम्हाला घेऊन हिर्डोशीच्या वाटेनं लांब जाई, आणि वाटेत ओढा लागला की सायकल खांद्यावर टाकून पार करी. एकदा आबांनी हे पाहिलं. त्यांनी बनाबाईला, म्हणजे ज्ञानूच्या बायकोला, हसत विचारलं, की तुझा नवरा सायकलीवर बसतो का सायकल तुझ्या नवऱ्यावर. ज्ञानूही हसला. पाणी मला का चालत नाही, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. सांगायला गेलं की चाकांचा विषय निघणार, आणि तो विषय घरात काढायचा नव्हता. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ज्ञानूला एक मुलगी होती, साळू. पाच वर्षांची. सायकल भिंतीला टेकवलेली असली, की ती मला हातानं फिरवी आणि माझी टिकटिक ऐकत बसे. आबांचा तिच्यावर इतका जीव, की कामाला बसले तरी तिला समोर बसवून घेत आणि लाकडाच्या कपच्यांचे बैल करून देत. ती जेवली नाही तर आबाही जेवत नसत. बनाबाई मग दोघांना एकाच ताटात वाढी.

त्रेचाळीस सालचा वैशाख. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून भोर-पुणे मोटार एक दिवसाआड धावत होती. त्या दिवसांत साळूला ताप भरला. घसा दुखतो म्हणाली, मग पाणी गिळेना, मग तिचा आवाज बसला. ज्ञानू आणि बनाबाई तिला भोरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि घटसर्प असल्याचं सांगितलं. त्यावरचं इंजेक्शन भोरला नव्हतं, पुण्याहून आणावं लागणार होतं. त्या दिवशीची मोटार सकाळीच निघून गेली होती आणि पुढची परवा होती. उद्या दुपारच्या आत औषध आलं तर पोर वाचेल, त्यानंतरचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याच्या दवाखान्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तिथलं औषधाचं कोठार सकाळी आठाला उघडे, म्हणून आता घरी जाऊन चार घटका झोप आणि पहाटे नीघ, असं त्यांनीच ज्ञानूला बजावलं. बनाबाई पोरीजवळ थांबली.

ज्ञानू घरी आला तेव्हा दिवस कलला होता. दुकानात दणकट सायकली चार होत्या, पण जाऊन-येऊन चौसष्ट मैल आणि मध्ये कात्रजचा घाट. त्यानं आम्हालाच निवडलं. मला हातानं फिरवून पाहताना तो स्वतःशीच पुटपुटला, की उन्हानं मागचं चाक जरा सैल पडलंय, पण चालेल. मग ओसरीवर अंग टाकलं आणि दोन दिवसांचा जागा असलेला तो माणूस लगेच झोपी गेला.

त्याचं ते पुटपुटणं आबांनी ऐकलं होतं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात लाकूड आटतं. बैलगाडीचं चाक आटलं, की त्याच्या भोवतीची लोखंडी धाव सैल होते आणि चाक खिळखिळं होतं. मग गाडीवाले काय करतात? चाकं काढून नदीच्या डोहात टाकतात. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा आवळून बसते. वैशाखात नीरेच्या डोहात म्हशींच्या शेजारी अशी दहा-बारा चाकं तरी पडलेली असत. आबांनी जन्मभर हेच केलं होतं, त्यांच्या बापानंही हेच केलं होतं. सैल चाकाला औषध पाणी, यात त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं, आणि माझा सरसाचा जोड तर रोगणाखाली दिसतच नव्हता.

म्हातारा माणूस. नात दवाखान्यात, लेक घाटातून जाणार, आणि आपल्या हातून काहीच होत नाही. त्यात एक काम समोर दिसलं, आणि तेही आपल्या हातातलं. आबा सायकलपाशी आले. फुलपाखरासारख्या दोन चाव्या फिरवल्या की चाक सुटतं, हे त्यांनी ज्ञानूला करताना पाहिलं होतं. त्यांनी मला सोडवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. नुकतंच जन्मलेलं वासरू धरावं तसं धरलं.

मित्रांनो, ते मला नदीकडे नेऊ लागले तेव्हा माझ्या मनाची काय अवस्था झाली ते कसं सांगू? मी चाक आहे. मला फिरता येतं, टिकटिक करता येते, याखेरीज काही येत नाही. मी तेवढी टिकटिक केली. आबांना वाटलं, चाक खूश आहे.

डोहाच्या काठावर त्यांनी मला क्षणभर मांडीवर ठेवलं. म्हणाले, "तू परदेशी, पर लाकूडच न्हवं? लाकडाला पानी लागतंच. पी पोटभर, आन् माज्या नातीसाठी पळ."

आणि त्यांनी मला पाण्यात सोडलं.

कोंबडं आरवेपर्यंत मी त्या पाण्यात होतो. सरस हळूहळू मऊ होत गेला, बारीक वाळू जोडात शिरत गेली, आणि मी ओरडू शकत नव्हतो. पहाटे आबांनी मला काढलं, धोतराच्या सोग्यानं लख्ख पुसलं, सायकलला बसवलं आणि तारा छेडून पाहिल्या. लाकूड फुगल्यामुळं तारा ताठ झाल्या होत्या. खणखणीत वाजल्या. आबांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तेव्हा मला त्यांचा राग येईना, हीच मोठी पंचाईत होती.

ज्ञानू उठला, तोंडावर पाणी मारलं आणि अंधारातच निघाला. आबांनी त्याला काही सांगितलं नाही. चाकाचा विषय काढायचा नव्हता ना! आधी पोरगी बरी होऊन येऊ दे, मग सांगू, असं त्यांच्या मनात असावं.

जाताना मी बरा धावलो. जरा जड लागत होतो, पण ज्ञानूला ते आपल्या पायांचं दुखणं वाटलं. कापूरहोळ मागं पडलं, शिवापूर मागं पडलं, कात्रजच्या बोगद्यातून पलीकडे उतरलो आणि आठाच्या ठोक्याला आम्ही पुण्यात दवाखान्याच्या दारात होतो. ज्ञानूनं मला भिंतीला टेकवलं आणि आत धावला. चिठ्ठीवर कुणाची तरी सही लागत होती आणि ते साहेब अजून यायचे होते. तास गेला. भिंतीवर ऊन आलं, मग माझ्यावर आलं. अंगातलं पाणी आटू लागलं, फुगलेल्या पट्ट्या आकसू लागल्या आणि त्यांना धरून ठेवायला सरस उरला नव्हता. चार हातांवर लिंबाची सावली होती. कोणीतरी मला तिथं सरकवा, म्हणून मी तळमळत होतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

नवाच्या पुढं ज्ञानू बाहेर आला. पत्र्याच्या डब्यात कापूस, कापसात काचेच्या दोन बारीक कुप्या, आणि औषध उन्हानं तापू नये म्हणून डब्याभोवती ओलं फडकं. डबा त्यानं सदऱ्याच्या आत छातीशी बांधला. घाट चढताना तो साळूचं नाव घेत पायडल मारत होता. एक पाय साळू, दुसरा पाय साळू. मी दात-ओठ खाऊन जोड आवळून धरला. चाकाला दात-ओठ नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी धरला.

बोगदा ओलांडून उताराला लागलो आणि माझ्यातून पहिल्यांदा 'कट्ट' असा आवाज आला. मी डोलू लागलो. ज्ञानूनं थांबून तारा आवळल्या आणि पुन्हा निघाला. शिवापूरच्या अलीकडे एक खडबडीत वळण आहे. तिथं माझा जोड उघडला. कड बाहेर आली, सायकल आडवी झाली आणि ज्ञानू रस्त्यावर फरफटत गेला. पडताना त्यानं दोन्ही हात छातीशी धरले होते, म्हणून कोपरं आणि गाल सोलून निघाले. आधी त्यानं डबा उघडला. कुप्या शाबूत होत्या. मग तो माझ्याकडे वळला.

उघडलेल्या जोडात त्यानं बोट घातलं. बोटाला ओला चिकट सरस लागला आणि त्यावर वाळू. ज्या डोहात तो लहानपणी पोहायला शिकला, त्या नीरेच्या डोहाची काळी बारीक वाळू. ते बोट तो बघतच राहिला.

शेजारच्या माळावर चिमाजी नावाचा एक धनगर मेंढरं चारत होता. तो धावत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. ज्ञानू म्हणाला, "आमच्या आबांनी चाक भिजवलं. गाडीचं समजून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चिमाजीनं कमरेची लोकरीची दोरी सोडली आणि दोघांनी मिळून माझी कड टायरसकट करकचून बांधली. दोरी अडकते म्हणून ज्ञानूनं ब्रेक उपटून फेकून दिला. शिवापुरात त्यानं दारोदार सायकल मागितली. गावात एकच होती आणि तिचा मालक तिच्यावर बसून सासवडला गेला होता. बैलगाडी मिळत होती, पण बैलांपेक्षा तो स्वतः लवकर पोचला असता. म्हणून पुन्हा माझ्यावरच बसला.

त्यानंतरचे नऊ-दहा मैल मी कसे काढले ते मलाच ठाऊक. प्रत्येक फेऱ्याला गाठ आपटे, प्रत्येक फेऱ्याला एखादी तार निसटे. सपाटीला तो बसे, चढ-उताराला उतरून मला ढकलत पळे. ऊन डोक्यावर आलं. डब्यावरचं फडकं वाळलं, की तो विहीर नाही तर पाणवठा शोधून ते भिजवून घेई आणि त्यात वेळ जाई. साळूसाठी पळ, असं मला आबांनी सांगितलं होतं. मी पळत होतो, मित्रांनो. माझ्या जोडाच्या पट्ट्या सुट्या होऊन एकमेकींवर घासत होत्या, तरी मी पळत होतो.

कापूरहोळला माझं संपलं. एका खड्ड्यात मी मध्येच मुडपलो आणि तारा रस्त्यावर सांडल्या. ज्ञानूनं आम्हाला उचलून एका चहाच्या हॉटेलच्या आडोशाला ठेवलं, छातीवरचा डबा चाचपला आणि भोरच्या रस्त्यानं पळत सुटला. अनवाणी, कारण वहाणेचा अंगठा पडताना तुटला होता. वळणापर्यंत मला त्याची पाठ दिसली. भोर तिथून आठ-नऊ मैल होतं आणि बारा तेव्हाच वाजून गेले होते.

चार दिवस मी तिथं पडून होतो. गिऱ्हाईकं येत, साखर मिळत नाही म्हणत, लढाईवर बोलत आणि निघून जात. भोरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडाकडे मी पाहत असे. सुतारांची साळू वाचली का हो? एवढंच मला विचारायचं होतं आणि एवढंच विचारता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी ज्ञानू चालत आला. हातात गोणपाट होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि मला विचारायची गरज उरली नाही.

तो तिसऱ्या प्रहरी दवाखान्यात पोचला होता. इंजेक्शन दिलं गेलं, पण तोवर घसा आतून बंद होत आला होता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत साळू गेली. दवाखान्यातला कंपाउंडर ज्ञानूच्या देखत कुणाला तरी म्हणाला, की बारापर्यंत आलं असतं तर हाती लागली असती. माझ्यामुळं बाराचे साडेतीन झाले होते.

ज्ञानूनं मला गोणपाटात असं गुंडाळलं, की माझा तुकडाही बाहेरून दिसू नये. घरी न नेता त्यानं मला थेट दुकानात नेलं आणि आढ्याला टांगून ठेवलं. मला वाटलं, माझं तोंड त्याला बघवत नाही. दोन दिवसांनी आबा दुकानात आले तेव्हा मला खरं कारण कळलं.

आबा त्या दुकानात कधी पाऊल टाकत नसत. त्या दिवशी आले आणि बाकावर बसले. मग खाली बघत म्हणाले, "चाकानं दगा दिला का रं?"

"न्हाई आबा," ज्ञानू म्हणाला. "चाक शेवटपर्यंत चांगलं पळालं. टायर फुटला."

"तुला सांगितलं न्हाई. त्या सांजंला म्या त्याला डोहात भिजवलं व्हतं. सैल हाय म्हनाला व्हतास म्हून."

ज्ञानूच्या हातात पाना होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"व्हय? तरीच येवढं पळालं," तो म्हणाला.

आबांनी मान हलवली. डोळे पुसले. म्हणाले, तेवढं तरी आपल्या हातून झालं म्हणायचं. मी वर गोणपाटात होतो आणि माझी उरलेली तार न तार ताठ झाली होती. एक फट जरी असती आणि आबांची नजर जोडावर पडली असती, तर त्या सुताराला सगळं एका क्षणात उमगलं असतं. ज्ञानूनं मला लपवलं होतं ते एवढ्यासाठी.

पण टायर फुटला म्हटल्यावर दोष कुणाचा? ज्यानं तसली नाजूक सायकल नेली त्याचा. गावात लोक बोलू लागले, की दुकानात चार दणकट सायकली असताना ह्याला शर्यतीची हौस सुचली. बनाबाई सुरुवातीला बोलली नाही. मग एकदा बोलली आणि पुढं पाच वर्षं तिचं बोलणं थांबलं नाही. तुमच्या त्या काडीच्या चाकापायी माझी लेक गेली, असं ती त्याला दुकानात डबा आणून दिला तरी म्हणे, आणि डबा न आणता आली तरी म्हणे. ज्ञानू हातातलं काम करत राही. ती गेली की एकदाच वर, माझ्याकडे पाही.

मित्रांनो, ती पाच वर्षं त्या रस्त्यापेक्षा वाईट होती. मी बाहेर पडून बोललो असतो तर ज्ञानू सुटला असता आणि आबा मेले असते. गप्प राहिलो तर आबा जगत होते आणि ज्ञानू रोज थोडा थोडा मरत होता. आणि माझ्या हातात तर बोलणंही नव्हतं आणि गप्प राहणंही नव्हतं. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की पोरानं शर्थ केली, चाक मी भिजवून दिलं होतं म्हणून तर तेवढं टिकलं, पण टायरनं घात केला. ऐकणारे मान डोलवत. आबांचा घास गोड होत नव्हता, पण गिळला तरी जात होता.

यंदा भोरचं संस्थान विलीन झालं, आणि भाताची लावणी उरकली तेव्हा आबा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं मला आढ्यावरून काढलं आणि सकाळच्या वेळी घरी आणलं. बनाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. गोणपाटाचं ते गाठोडं पाहताच तिचं तोंड उतरलं. हे घरात कशाला आणलं, असं तिनं विचारलं. ज्ञानूनं गोणपाट सोडलं आणि मला तिच्यासमोर ठेवलं.

ती सुताराची सून होती. तिला लाकूड कळत होतं. उसवलेल्या जोडाकडे तिनं पाहिलं, नखानं आतलं खरवडलं आणि तळहातावर घेतलं. वाळलेला सरस आणि वाळू. त्या डोहावर ती रोज धुणं धुते.

"हे पान्यात कवा पडलं?" तिनं विचारलं.

"आबांनी भिजवलं व्हतं. त्या सांजंला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "पाच वर्सं म्या तुमाला बोलले. मला का न्हाई सांगितलं?"

ज्ञानू म्हणाला, "आबांच्या ताटात रोज भाकर तूच वाढत व्हतीस."

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या कोपराला अजून असलेल्या वणावर हात ठेवून उभी राहिली. मला तिनं चुलीत घातलं नाही. पदरानं पुसून सावलीत ठेवलं.

मित्रांनो, मी असा उसवून पडलो तो दुर्लक्षामुळं नाही. माझी काळजी घेणारे दोघं होते आणि दोघांचाही माझ्यावर नाही तरी साळूवर जीव होता. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी वस्तू जपायची असली, तर ती कशाची केली आहे, तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी विचारा. तुम्हाला ठाऊक असेल तर घरातल्यांना सांगा, रुसवा असला तरी सांगा. आबांनी त्या संध्याकाळी लेकाला हलवून एक शब्द विचारला असता, किंवा ज्ञानूनं त्याआधी कधीतरी जेवताना बापाला एक शब्द सांगितला असता, तर साळू आज दहा वर्षांची, तुमच्याएवढी असती.